पर्यावरणपूरक वस्तू कशा निवडाव्या: सतरा पिशव्यांपासून सुरुवात

दारामागच्या खुंटीवरचा कापडी पिशव्यांचा गठ्ठा एका रविवारी धपकन खाली आला. उचलता उचलता मोजल्या, तर सतरा निघाल्या! रोजच्या वापरातल्या फार तर चार. बाकीच्या कुठल्या कुठल्या कार्यक्रमांत हाती पडलेल्या, आणि त्यातल्या सहांची तर घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सगळ्यांवर झाडं, पानं, हिरवी पृथ्वी.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे आकडा दिसला की गुणाकार करायची खोड आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये खरेदीच्या पिशव्यांचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला होता. त्यात हवामानबदल हा एकच निकष धरला, तरी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला येते. सेंद्रिय कापसाची असेल तर १४९ वेळा, कारण त्या कापसाचं एकरी उत्पादन कमी. सगळेच निकष लावले तर आकडे ७,१०० आणि २०,००० वर जातात. आता या अहवालाने उघड्यावर फेकलेल्या प्लॅस्टिकचा त्रास मोजलेला नाही, म्हणून तो दाखवून कोणी कापडी पिशवीला नावं ठेवू नयेत. पण माझ्या सतरा पिशव्या गुणिले ५२ म्हणजे ८८४ फेऱ्या. आठवड्यातून दोनदा एकेक पिशवी घेऊन बाहेर पडले, तर साडेआठ वर्षं झाली!

तेव्हापासून कोणी विचारलं, ‘इको-फ्रेंडली काय घेऊ?’ की मी उलट विचारते, ‘घरातलं काय संपलंय?’ काहीच संपलं नसेल तर काही घेऊ नका. प्लॅस्टिकचे धडधाकट डबे कचऱ्यात टाकून काचेची देखणी रांग मांडणं म्हणजे एकाच कामासाठी दोनदा वस्तू बनवायला लावणं. याला अपवाद आहे, तो पुढे येईल.

आधी केराची टोपली उपसा

खरेदीची यादी करण्याआधी आठवड्याभराचा सुका कचरा जुन्या वर्तमानपत्रावर ओता आणि ढीग लावा. घाण वाटतं, पण अर्ध्या तासाचं काम आहे. मला वाटलं होतं, आमच्याकडे टूथब्रश आणि स्ट्रॉ यांचाच गोंधळ असेल. स्ट्रॉ एकही नव्हती. सगळ्यात मोठा ढीग घरपोच आलेल्या पार्सलांच्या वेष्टनांचा, त्याखालोखाल वेट वाइप्स, मग शॅम्पू-हँडवॉशच्या बाटल्या. तुमचे ढीग वेगळे निघतील. जो सगळ्यात मोठा, त्याच्यापासून सुरुवात करा.

पार्सलांवर वस्तू हा उपायच नव्हता. आम्ही एक चिठ्ठी लावली, लागेल ते तिच्यावर लिहायचं आणि महिन्यातून एकदाच मागवायचं. निम्म्या गोष्टी महिनाअखेरीपर्यंत नकोशाच होतात, हा माझा अनुभव.

वेट वाइप्स दिसतात कागदासारखे, पण पुष्कळदा त्यांच्यात पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे असतात, म्हणजे प्लॅस्टिकच. ते संडासात टाकले की विरघळत नाहीत, गटार तुंबवतात. त्यांच्या जागी मी जुन्या बनियनचे तळहाताएवढे चौकोन कापले. एका डब्यात धुतलेले, दुसऱ्यात वापरलेले. कडा शिवायच्या भानगडीत पडू नका. बनियनचं कापड विणीचं असल्यामुळे कडा फारशा उसवत नाहीत, नुसत्या गुंडाळल्या जातात. या घरातली सगळ्यात यशस्वी पर्यावरणपूरक वस्तू हीच, आणि ती विकत मिळत नाही.

वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचा

‘बायोडिग्रेडेबल’ असं ठसठशीत छापलेली एक पिशवी मी कुंडीत वीतभर खोल पुरली होती. चौदा महिन्यांनी रोप बदलताना ती वर आली. मातीने मळलेली, एका कोपऱ्यात मुळं आरपार गेलेली, पण ‘बायोडिग्रेडेबल’ हे शब्द स्वच्छ वाचता येत होते. लेक म्हणाली, ‘आई, शाई चांगली आहे हं!’

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच रीतसर केलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणवणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान उचलण्याइतकी मजबूत होती. ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, मातीत मात्र २७ महिन्यांनंतरही होती. फक्त वजन घातलं की फाटत होती.

म्हणून नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच समजा. किती दिवसांत आणि कुठे, हे दोन प्रश्न विचारा. ‘कंपोस्टेबल’च्या शेजारी ईएन १३४३२ असा युरोपीय मानकाचा क्रमांक असेल, तर ती वस्तू औद्योगिक खतप्रकल्पात सहा महिन्यांत किमान ९० टक्के विघटित होते, असा त्याचा अर्थ. तिथे ढिगाचं तापमान साठ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. तुमच्या कुंडीत ते येणार नाही. मक्यापासून बनवलेलं पीएलए प्लॅस्टिक याच जातीचं. असा प्रकल्प कचरा घेत नसेल, तर पीएलएचा पेला आणि साधा पेला यांची अखेर सारखीच. घरच्या खतासाठी ‘होम कंपोस्टेबल’ असं स्वतंत्रपणे प्रमाणित केलेलंच घ्या. आणि ‘ऑक्सो’ हा शब्द दिसला तर वस्तू खाली ठेवा. त्या प्लॅस्टिकचे फक्त बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०२१ पासून ते विकायला बंदी घातली आहे.

बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ मधला आकडा असतो, त्यालाही लोक फसतात. तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, बस्स. १९८८ मध्ये ही पद्धत आली ती वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. पुनर्वापर होणार की नाही, ते तुमच्याकडचा कचरा गोळा करणारा काय उचलतो यावर. त्यालाच विचारा.

भरवसा ठेवावा अशी चिन्हं थोडी आहेत. लाकूड आणि कागदासाठी एफएससी, कापडासाठी गॉट्स, साबण-रंग-कागद वगैरेंसाठी जर्मनीचा ‘ब्लू एंजल’, जो १९७८ पासून आहे. कंपनीने स्वतःच काढलेलं हिरवं पान हे चिन्ह नव्हे, चित्र आहे.

शॅम्पूची वडी आणि माझे चिकट केस

बाटलीतला शॅम्पू म्हणजे बहुतांशी पाणी. वडीत पाणी जवळजवळ नसतं, वेष्टन कागदाचं, वाहतुकीचं वजन कमी. कागदावर सगळं उत्तम. मी वडी आणली आणि दहा दिवसांत माझे केस मेण लावल्यासारखे झाले.

चूक माझीच, मी घटकांची यादी वाचली नव्हती. शॅम्पू बार नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकतात. यादीत ‘सोडियम पाल्मेट’, ‘सोडियम कोकोएट’ असं काही पहिलं असेल, तर तो सरळ साबण. त्याचा सामू (पीएच) ९-१० च्या घरात जातो आणि कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. मुलांना दरवर्षी फळ्यावर ही अभिक्रिया लिहून दाखवणाऱ्या बाईंनी तो साका स्वतःच्या डोक्यावर करून घेतला! यादीत ‘सोडियम कोकोइल आयसेथियोनेट’ पहिलं असेल, तर ती सिंडेट वडी, म्हणजे साबण नव्हे, वडीच्या रूपातलं कृत्रिम डिटर्जंट. तिचा असा साका होत नाही. पाणी कठीण असेल तर हीच घ्या.

आणि वडी कोरडी ठेवा. माझी पहिली वडी सपाट बशीत पाण्यात बसून लगदा झाली. आता सुरीने तिचे दोन तुकडे करते, एक कपाटात, एक भोकांच्या जाळीवर. हातपाय धुण्याच्या साबणालाही हाच नियम. हँडवॉशऐवजी वडी हा सगळ्यात सोपा बदल आहे, त्यासाठी एवढा विचारही नको.

व्हिनेगर अधिक सोडा म्हणजे जवळजवळ पाणी

‘नैसर्गिक क्लीनर’ म्हणून हे दोन एकत्र ओतायची टूम आहे. फेस छान येतो. तो कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं ते पाणी आणि सोडियम ॲसिटेट. आम्ल गेलं, अल्कही गेलं. दोन कामाच्या वस्तू एकमेकींना मारून बसतात.

वेगवेगळे वापरा. ओल्या फडक्यावर सोडा घेऊन सिंक, ओटा, कपाचे डाग घासा. तो मऊ घासणीचं काम करतो. नळावरचे पांढरे क्षार, बादलीच्या कडा, किटलीचं बूड यांना आम्ल हवं. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, अर्धा तास, मग ब्रश. वासही नाही. संगमरवरावर मात्र कुठलंही आम्ल नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, क्षारांबरोबर तोही विरघळतो आणि चकाकी कायमची जाते. आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीही, चमचाभरही, मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

घासणीसाठी काथ्याचा ब्रश किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. जाळी दोन महिन्यांत विरते, तेव्हा ती खतात जाते.

बाकीचं, पटपट

बांबूच्या टूथब्रशवर जितकं बोललं जातं तितकं ते महत्त्वाचं नाही, असं माझं मत. दांडी बांबूची असली तरी केस बहुधा नायलॉनचेच. दांडी खतात टाकण्याआधी पकडीने केसांचे झुपके ओढून काढा. एकेक झुपका चिमुकल्या धातूच्या पट्टीने अडकवलेला असतो, तोही निघतो. पेल्यात उभा ठेवला तर बुडाशी काळी बुरशी धरते, म्हणून आडवा वाळवा. फक्त डोकं बदलता येतं असा प्लॅस्टिकचा ब्रशही तितकाच चांगला.

दाढीसाठी नवऱ्याकडे लोखंडी सेफ्टी रेझर आहे. फेकायचं ते फक्त पातं. जुनी पाती फट पाडलेल्या डब्यात साठवा, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.

मासिक पाळीसाठी मी कप वापरते. पहिले दोन महिने फजिती झाली, तिसऱ्यात जमलं. २०१९ मध्ये लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार, गळतीच्या बाबतीत कप पॅडइतकाच किंवा त्याहून बरा ठरला, आणि एक कप दहा वर्षांपर्यंत चालू शकतो. बारा तासांच्या आत रिकामा करायचा, पाळी संपली की उकळायचा. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कप नको वाटला तर धुण्याचे पॅड आहेत. कोणी आग्रह केला म्हणून घ्यायची ही वस्तू नव्हे.

रिचार्जेबल सेल खेळणी, विजेरी, माउस यांत घाला. भिंतीवरच्या घड्याळाला एक साधा सेल वर्षभर पुरतो, तिथे ते वाया.

नवे कपडे ‘बांबूचे’ म्हणून घेऊ नका. ते बहुधा व्हिस्कोस असतं, रसायनांत लगदा करून पुन्हा धागा काढलेलं. आहेत तेच थंड पाण्यात, मशीन भरल्यावरच धुवा. ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांतून एका धुण्यात सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात, असं प्लिमथच्याच २०१६ च्या प्रयोगात दिसलं होतं.

आता तो अपवाद. जी वस्तू रोज वीज किंवा पाणी खाते, ती संपायची वाट बघू नका. पिवळा तारेचा बल्ब चालू असला तरी आजच काढा. एलईडी त्याच्यापेक्षा किमान ७५ टक्के कमी वीज घेतो. नळाच्या तोंडाशी बसणारी हवा मिसळणारी जाळीही तशीच. आमच्या मोरीतली बसवायला दहा मिनिटं लागली, त्यातली आठ जुनं गंजलेलं कडं काढण्यात गेली.

सतरातल्या बारा पिशव्या मी शाळेच्या ग्रंथालयाला दिल्या, मुलं पुस्तकं नेतात. उरलेल्या पाचांच्या आतल्या शिवणीवर शाईच्या पेनाने पाच-पाचच्या रेघा ओढते. त्यातल्या निळ्या पिशवीचा बंद दोनदा शिवून झाला आहे. कालची फेरी धरून तिच्या ९४ झाल्या.