सीमाभागातल्या मराठी शाळेत वाचता-लिहिता वर्ग कसा मांडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला शाळेबाहेर मराठी अक्षर फारसं भेटत नाही. बसचा बोर्ड कन्नड, रेशन दुकानाची पाटी कन्नड, घरी आलेला पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा कन्नड. २०२४ च्या कायदा दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवरही ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. मराठी उरते ती लग्नपत्रिकेत, देवळातल्या फलकावर आणि ज्या घरी 'तरुण भारत' किंवा 'पुढारी' येतो तिथे. पुण्यातलं मूल रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत बरंच काही आपोआप शिकतं. इथे ते काम वर्गखोलीनेच करायला हवं.

सुरुवात कपाटाच्या कुलपापासून करा. 'पुस्तकं फाटतील, मग साठा रजिस्टरला काय दाखवू?' ही भीती खोटी नाही, पण कुलपात राहिलेली पुस्तकंही वाळवी खातेच. फाटलेली पुस्तकं वेगळी काढा, नोंदवा आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत सरळ समोर ठेवा.

तीस मुलांच्या वर्गात एका वेळी साठेक पुस्तकं बाहेर असावीत. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी त्यातली पंधरा बदला. सगळी एकदम बदलली तर मुलांची आवडती पुस्तकं हरवतात. पुस्तकं भिंतीलगत ताणलेल्या दोन दोऱ्यांवर मधोमध उघडून लटकवा. दोरी नायलॉनची घ्या, सुतळी पावसाळ्यात सैल पडते. पहिली-दुसरीसाठी खालची दोरी जमिनीपासून दोन फुटांवर, वरची तीन फुटांवर. दर चार फुटांवर खिळा मारा, नाहीतर दोरी मधे झोळते आणि सगळी पुस्तकं घसरून एका जागी गोळा होतात. सोळा-चोवीस पानांची, मधे पिन मारलेली पुस्तकंच दोरीवर टाका. चिकटवलेल्या पाठीची जाड पुस्तकं दोरीवर महिनाभरात उकलतात. ती क्रेटमध्ये उभी ठेवा, मुखपृष्ठ समोर. खिडकीची बाजू टाळा. तिथे जूनमध्ये पावसाची झड येते आणि मार्चमध्ये उन्हाने रंग उडतो.

पुस्तकं कोणती? नॅशनल बुक ट्रस्टची, ज्योत्स्ना प्रकाशनाची, आणि 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून छापून घेतलेली. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मोफत आहेत, त्यांना एक ते चार अशा पातळ्या दिलेल्या आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीत व कन्नडमध्ये दोन्हीकडे मिळतात. अशी जोडी शेजारी शेजारी लटकवा. चित्र तेच असल्याने मराठीत वाचलेली गोष्ट मूल कन्नडमध्ये न घाबरता उघडतं. छापण्याआधी मजकूर मात्र एकदा वाचून घ्या. काही अनुवाद हौशी असतात, शुद्धलेखन कच्चं असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात. तिथे शाळेच्या कुणाचा सत्कार ठरत असेल तर शालीऐवजी बालपुस्तकं मागा, लाजू नका.

भिंतीवर 'दार', 'खिडकी', 'टेबल' अशा चिठ्ठ्या चिकटवून भागत नाही. आठ दिवसांनी त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. जे वाचल्याशिवाय काम अडतं ते भिंतीवर हवं. मधल्या जेवणाचं उदाहरण घ्या. अंड्याच्या दिवशी दाराजवळच्या फळ्यावर दोन रकाने आखा, 'अंडं' आणि 'केळं'. येता येता प्रत्येक मुलाने आपल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायचं, आणि एका मुलाने ती यादी मोजून स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवायची. पहिलीतलं मूलही आठवडाभरात दहा-बारा नावं ओळखायला लागतं, कारण आपलं अंडं दुसऱ्याला जायला नको असतं!

लिहिण्यासाठी जमिनीलगत फळा करा. नली-कलीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या, वर्गात तो बहुधा असतोच. नसेल तर जमिनीपासून एक फूट सोडून दोन फूट उंचीचा पट्टा रंगवा. वीस फूट लांबीला दोन हात द्यायला फळ्याचा काळा रंग साधारण एक लिटर लागतो. भिंत खडबडीत असेल तर जास्त. चुन्याच्या भिंतीवर थेट रंग लावू नका, पोपडे निघतात. आधी खरवडा, लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर द्या. हे काम एप्रिल-मेमध्ये किंवा दसऱ्याच्या सुट्टीत उरका, खानापूरकडच्या भिंती जुलैत सुकतच नाहीत. रंग वाळला की पहिलं अक्षर काढण्याआधी खडू आडवा धरून सगळा पट्टा घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे राहिलं तर पहिल्या दिवशी लिहिलेलं वर्षभर पुसट दिसत राहतं.

चुका तपासताना दोन लिप्यांचा गोंधळ ओळखायला शिका. कन्नडमध्ये रफार अक्षराच्या उजवीकडे येतो, म्हणून मूल 'सूर्य' लिहिताना रफार बाजूला टाकतं. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली जातं, म्हणून 'पक्का'मधला दुसरा क पहिल्याच्या पोटाखाली येतो. पहिली वेलांटी कन्नडमध्ये अक्षराच्या माथ्यावर असते; इथे ती आधी काढायची असते, म्हणून मागाहून कोंबली जाते. हा आळशीपणा नव्हे, मूल एका लिपीचा नियम दुसरीला लावतंय. ही तीन उदाहरणं दोन्ही लिप्यांत, मराठी निळ्या आणि कन्नड हिरव्या रंगात, एका तक्त्यावर शेजारी शेजारी काढून ठेवा. एका आठवड्यात एकच चूक धरा. वही लाल करून परत दिली की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं, त्याही येणाऱ्याच शब्दांच्या. घरचा बोलीतला शब्द आला तर तो खोडू नका. प्रमाण शब्द शेजारी लिहा.

पाठ्यपुस्तकातला उतारा दहा ओळी उतरवणं म्हणजे लेखन नव्हे, ते अक्षर वळवणं झालं. लिहायला कारण द्या: शेतात रताळ्याची वेल कशी लावतात ते क्रमाने लिहा, आज्जीला विचारून आंबोळीचं प्रमाण लिहा, बेळगावला जाताना लागणारे थांबे लिहा. एका बाजूने वापरलेले कागद अर्धे कापून ठेवा, दहा पेन्सिली डब्यात, आणि शार्पनर दोरीला बांधलेला. सुटा ठेवला तर दुपारपर्यंत गायब होतो.

पावसाळ्यात कागद भिंतीवर डिंकाने टिकत नाहीत, आणि पिठाच्या खळीला झुरळं-उंदीर येतात. चिमट्यांनी दोरीवर लावा. उरलेली पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. कडुलिंबाचा पाला घालायचाच तर पूर्ण वाळवून फडक्यात बांधा. ओल्या पाल्याने बुरशी वाढते. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकू नका, पानं आकसतात. दर चार-पाच पानांत वर्तमानपत्राचा तुकडा घालून पंख्याखाली ठेवा आणि तुकडे दोन-तीनदा बदला. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, ती पिवळी पडून चिकट होते. पातळ कागदाची पट्टी आणि किंचित फेव्हिकॉल पुरतो.