युद्धपट गावात दाखवायचा तर

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघालं की लोक रात्ररात्र नाटकं बघतात. त्यामुळे तीन तासांचा सिनेमा बघायला माणसं बसतील की नाही, याची काळजी नको. जपायचं आहे ते नंतरच्या चर्चेला. ‘सिनेमा कसा वाटला?’ असं विचारलं, की दहा मिनिटांत वाद खरा देशभक्त कोण यावर येतो. हा प्रश्न विचारूच नका.

सिनेमा आधी दोनदा बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन तीन रकाने आखा: वेळ, काय दाखवलं, काय दाखवलं नाही. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण नाजूक विषय बहुतेकदा तिथंच लपलेला असतो. बाईवर अत्याचार होतो तेव्हा दार लागतं, कॅमेरा भिंतीकडे वळतो, फक्त किंकाळी ऐकू येते. हा संयम की पळवाट? त्यापुढची पाच मिनिटं तपासा. सिनेमा तिच्याकडे परत आला, तर संयम. थेट नायकाच्या संतापावर गेला, तर तिचं दुःख केवळ सूडाला कारण म्हणून वापरलं.

मग इतिहासाशी ताडून बघा. ‘बॉर्डर’ (१९९७) लोंगेवालाच्या लढाईवर आहे. सिनेमात बरेच जवान धारातीर्थी पडतात. डिसेंबर १९७१ च्या प्रत्यक्ष लढाईत आपले दोन जवान शहीद झाले. चौकीवरच्या साधारण १२० जणांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाडे अडवले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते फोडले. हे सिनेमा संपल्यावर सांगा. आधी सांगितलं तर लोक चुकाच शोधत बसतात.

चर्चेसाठी चार-पाच मिनिटांचा एकच प्रसंग निवडा आणि आवाज बंद करून पुन्हा लावा. संगीत गेलं, की राग कुठून येत होता ते लोकांच्या आपोआप लक्षात येतं. विचारायचं एवढंच: कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबला? शत्रूला नाव आहे का, घर आहे का?

फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) मधला बॉम्बचा प्रसंग यासाठी फार मोलाचा. स्फोटाआधी कॅमेरा आइस्क्रीम खाणाऱ्या पोरावर थांबतो. बॉम्ब ठेवणाऱ्यांची बाजू पटत असली तरी मरणारे डोळ्यांआड होत नाहीत. पूर्ण सिनेमा नको, तेवढाच तुकडा दाखवा आणि संवाद कोणीतरी मराठीत मोठ्यानं सांगा. खालची अक्षरं मागच्या रांगेतून वाचता येत नाहीत.

सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघून घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून यूए (म्हणजे त्याहून लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे) ७+, १३+, १६+ असे गट आहेत. हक्कधारकाची परवानगीही घ्या.

गावात शहिदाचं घर असेल, किंवा गडचिरोलीकडे हिंसाचारात माणूस गेलेलं कोणतंही घर, मग गोळी कोणाचीही असो, तर दोन दिवस आधी जाऊन सिनेमात काय आहे ते स्पष्ट सांगा. आले तर दाराजवळची जागा द्या, म्हणजे कोणाच्या नजरेत न येता उठता येईल. चर्चेत त्यांना स्वतःहून बोलतं करू नका.