इंजिनाला आग लागली, तर बॉनेट सताड उघडू नका

फायर सिलिंडर भरून देणं आणि चालकांना ते वापरायला शिकवणं हे माझं काम. वर्गात सगळे माना डोलावतात, पण रस्त्यावर धूर दिसला की पहिला हात बॉनेटकडेच जातो.

बंद बॉनेटखाली आगीला हवा बेताचीच मिळते. झाकण वर उचललं की चुलीत फुंकणी घातल्यासारखं होतं, आणि भडका थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. कशेडी घाटात माझ्यापुढच्या एका जुन्या पेट्रोल गाडीचं हेच झालं. चालकानं गाडी कडेला घेतली, बायकापोरांना उतरवलं, इथवर सगळं बरोबर. मग त्यानं बॉनेट पूर्ण उघडलं. भुवया गेल्या, मनगट भाजलं. सोबतच्या माणसानं लांबूनच, समोरून वारा येत असताना ज्वाळांच्या शेंड्यावर एक किलोचा सिलिंडर रिकामा केला. पावडर त्याच्याच अंगावर आली. मी माझा दोन किलोचा घेऊन धावलो आणि ज्वाळांच्या बुडाशी मारला. आग दबली, तोच पुन्हा पेटली, कारण घाईत इंजिन बंद करायचंच राहिलं होतं आणि फुटलेल्या पाइपातून पेट्रोल येतच होतं. चावी फिरवल्यावर उरलेल्या पावडरीत ती विझली.

माझी पद्धत ठरलेली आहे. इंजिन बंद, हँडब्रेक, माणसं लांब, कुणीतरी ११२ किंवा १०१ ला फोन लावायचा. सिलिंडरची पिन आधी काढायची. मग बॉनेटचा आतला खटका ओढायचा. पुढे दोन बोटांची फट पडते, तेवढी पुरे. बॉनेटच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या खटक्याला हात लावायचा नाही. वाऱ्याकडे पाठ करून, बाजूला उभं राहून फटीतून पावडर मारायची. केबल जळून खटका लागत नसेल, तर पुढच्या जाळीतून किंवा चाकाच्या वरच्या पोकळीतून. एक किलोचा सिलिंडर साधारण आठ-दहा सेकंदांत संपतो, त्यामुळे लांबून उधळायला पावडर नसतेच. जाळ विझला तरी लगेच बॉनेट उघडायचं नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोलची वाफ पुन्हा पेट घेते.

दुसरी चूक मला जास्त चीड आणते: ‘चालतो का बघू’ म्हणून नव्या सिलिंडरचा दांडा जरासा दाबून बघणं. पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, तो नीट बसत नाही आणि दाब हळूहळू निघून जातो. एका टॅक्सीवाल्या दादांनी माझ्यासमोर सिलिंडर ठेवला तेव्हा काटा पार लाल पट्ट्यात होता. वजन भरलेलं, दाब शून्य. ‘एकदाच दाबला होता हो,’ म्हणाले. एकदा दाबला की पुन्हा भरून घ्यायचा, दुसरा उपाय नाही. तपासायचं ते काटा हिरव्यात आहे का, सील शाबूत आहे का, नोझलमध्ये माती किंवा कोळ्याचं जाळं नाही ना, एवढंच. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून मी महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून हलवतो.

डिकीत बॅगांखाली ठेवलेला सिलिंडर नसल्यासारखाच. पुढच्या सीटखाली क्लॅम्पमध्ये बसवा. घेताना एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, पेट्रोलसारखी द्रवं आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा), आयएसआय शिक्क्याचा, आयएस १५६८३ हा मानक क्रमांक लिहिलेलाच घ्या. पेटत्या पेट्रोलवर पाण्याची बाटली ओतू नका, आग पसरते.

सीएनजी गाडीत टाकीचा व्हॉल्व्ह सुरक्षितपणे हाताशी येत असेल तरच बंद करा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला आग लागली, तर पावडरीनं ती थांबत नाही. लांब जा आणि अग्निशमन दलाला इलेक्ट्रिक गाडी असल्याचं सांगा. आग केबिनमध्ये शिरली किंवा सिलिंडर संपला, तर कागदपत्रांसाठीसुद्धा मागे फिरू नका.

विझलेली गाडी ‘गॅरेजपर्यंत तरी जाईल’ म्हणून चालू करू नका, टो करून न्या. आणि मेकॅनिकला पावडर लगेच साफ करायला सांगा. ओल लागली की ती वायरिंगचे जोड आणि धातू खाते.