राजकीय व्यंगचित्राचा आशय सांगताना या चुका टाळा

‘या व्यंगचित्राचा आशय काय?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एका शब्दात येतं. भ्रष्टाचार. युद्ध. महागाई. हा झाला विषय. चित्र कशाबद्दल आहे, एवढंच त्यातून कळतं. त्याबद्दल व्यंगचित्रकाराचं म्हणणं काय, हा आशय, आणि म्हणणं मांडायला पूर्ण वाक्य लागतं: कुणी, कुणाचं, काय केलं. पुढच्या बऱ्याचशा चुका या वाक्यापर्यंत न पोहोचल्यामुळेच होतात.

वर्णनालाच आशय समजणं

डेव्हिड लो यांचं लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये २० सप्टेंबर १९३९ रोजी छापून आलेलं चित्र घ्या. हिटलर आणि स्टालिन समोरासमोर उभे आहेत. दोघंही टोपी उंचावून कमरेत वाकून एकमेकांना अभिवादन करताहेत. मधे जमिनीवर एक प्रेत. हिटलर विचारतो, ‘जगातली घाण म्हणतात ती आपणच ना?’ स्टालिनचा उलट प्रश्न, ‘आणि कामगारांचे रक्तपिपासू मारेकरी ते आपणच, नाही का?’

यावर ‘हिटलर-स्टालिन मैत्री’ असं लिहिलं तर तो विषय. ‘दोन नेते प्रेताजवळ उभे राहून बोलत आहेत’ असं लिहिलं तर ते वर्णन. आशय सापडतो तो चित्रातल्या विसंगतीत. शरीर अदबीने वाकलंय आणि तोंडात शिव्या आहेत. हा शिष्टाचार चाललाय तोही प्रेतावरून. आता तारखा जुळवा. या दोघांचा अनाक्रमण करार २३ ऑगस्टचा. जर्मनी पोलंडमध्ये घुसली १ सप्टेंबरला, सोव्हिएत फौजा १७ सप्टेंबरला, आणि चित्र आलं त्यानंतर तीनच दिवसांनी. म्हणजे प्रेत कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. मग वाक्य असं होतं: ‘एकमेकांचा मनापासून द्वेष करणारे दोन हुकूमशहा पोलंडचा बळी घेण्यासाठी सभ्यतेचं सोंग आणून एकत्र आले आहेत.’

हे वाक्य बरोबर आहे का, ते तपासायची माझी पद्धत साधी आहे. वाक्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दासाठी चित्रात बोट ठेवायचं. ‘द्वेष’ संवादात आहे, ‘सोंग’ वाकण्यात आहे, ‘बळी’ जमिनीवर आहे. ज्या शब्दासाठी बोट ठेवायला जागाच मिळत नाही, तो शब्द आपण पदरचा घातलेला असतो.

तारीख न पाहणं, किंवा पुढचं माहीत असल्याने मागचं वाचणं

२९ मार्च १८९० च्या ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकात जॉन टेनियल यांनी जर्मनीचा चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क याला जहाजाच्या शिडीवरून खाली उतरताना दाखवलं. अंगावर वाटाड्याचा, म्हणजे जहाजाला अवघड पाण्यातून वाट दाखवणाऱ्या माणसाचा वेश. वर कठड्याला टेकून तरुण कैसर (जर्मन सम्राट) दुसरा विल्हेल्म त्याच्याकडे बघतोय. बिस्मार्कचा राजीनामा १८ मार्चचा. हे माहीत नसेल तर चित्रात निवृत्त होणारा एक खलाशी दिसतो, बाकी काही नाही.

याच्या उलट चूक जाणकारांकडून होते. ‘कैसर जर्मनीला महायुद्धाच्या खाईत लोटणार, असं चित्रकार सांगतो’ असं ते बेधडक लिहून टाकतात. ते १९१४ नंतरचं शहाणपण झालं. चित्र एवढंच म्हणतं की जहाज आजवर ज्याच्या भरवशावर चाललं, त्या अनुभवी माणसाला नव्या मालकाने उतरवलंय. पुढची काळजी त्यात जाणवते, भाकीत नाही.

चित्रात दिसतो त्याच्यावरच रोख आहे असं धरून चालणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यामुळे व्यंगचित्राची सगळी धारच जाते. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना बाथटबमध्ये बसलेलं काढलं. सही केलेला कागद दाराबाहेर देताना ते म्हणतात, आणखी अध्यादेश असतील तर त्यांना थांबायला सांगा. ‘राष्ट्रपतींची थट्टा’ इथेच थांबलात तर चित्र निम्मंच वाचलंत. कागद घेणारा हात दाराबाहेरचा आहे. अंघोळ आटपायचीही उसंत न देता सह्या मागणारं सरकार चित्रात कुठेच नाही, आणि तरी रोख त्याच्यावर आहे. म्हणून चित्रात कोण आहे हे पाहून झालं की कोण नाही, हेही विचारा.

प्रतीकांचा ठरीव कोश वापरणं

हत्ती म्हणजे रिपब्लिकन पक्ष, हे थॉमस नास्ट यांनी १८७४ मध्ये ‘हार्पर्स वीकली’त काढलेल्या चित्रापासून अमेरिकेत रुजत गेलं. दुसऱ्या देशातल्या चित्रात हत्ती दिसला की तोच अर्थ चिकटवू नका. १८३१ मध्ये शार्ल फिलिपों यांनी फ्रान्सचा राजा लुई फिलिप याचा चेहरा पायरी पायरीने नासपतीत बदलून दाखवला. तिथे तेव्हा नासपती म्हणजे राजा. इतरत्र ते निव्वळ फळ.

मोघम क्रियापदं

आशय नीट सापडूनही उत्तर फसतं ते इथे. ‘व्यंगचित्रकार राजकीय परिस्थितीवर भाष्य करतो’, ‘समाजातील वास्तवावर प्रकाश टाकतो’. ही वाक्यं कुठल्याही चित्राखाली चालतात, म्हणजेच ती कुठल्याच चित्राबद्दल नसतात. व्यंगचित्रकार आरोप करतो, हिणवतो, बजावतो, उघडं पाडतो, क्वचित हळहळतो. यातलं नेमकं कोणतं, ते ठरवा. ठरवता येत नसेल तर पुन्हा चित्राकडे जा.

आपलं वाक्य उलटंही करून बघावं. ‘युद्ध वाईट असते’ याच्या विरुद्ध बाजू सहसा कुणी घेणार नाही, तेव्हा त्यात भांडण नाही आणि आशयही नाही. ‘हिटलर-स्टालिन करार शांततेसाठी नाही, लुटीसाठी आहे’ याला विरोध करणारा त्या काळात नक्की सापडला असता.

आणि चित्रकाराचं मत पटलं नाही तर? आधी त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहा. आपली असहमती नंतर, वेगळ्या परिच्छेदात.

एवढं करूनही चित्र उलगडत नसेल तर त्यात प्रमाणाबाहेर मोठं किंवा लहान काय काढलंय ते शोधा आणि तिथून सुरुवात करा.