स्क्रीन रीडरवर सोयीचे सर्च इंजिन कसे निवडावे

सर्च इंजिन किती निकाल शोधून देते, यापेक्षा पहिल्या उपयोगी निकालापर्यंत आपण किती कमी कळा दाबून पोहोचतो, ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यासाठी खरी कसोटी आहे. ती प्रत्येकाने स्वतःच घ्यावी, कारण निकालांच्या पानाची रचना वरचेवर बदलत असते.

एनव्हीडीए हा विंडोज संगणकावरचा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू करावा आणि ‘स्वारगेट ते हडपसर पीएमपी बस’ असा रोजच्या गरजेचा एकच प्रश्न गूगल, बिंग आणि डकडकगो या तिन्हींवर टाकून पाहावा. निकालांचे पान उघडल्यावर एच ही कळ दाबत जावे; ती दर वेळी पुढच्या हेडिंगवर, म्हणजे पानावर शीर्षक म्हणून खूण केलेल्या मजकुरावर, नेते. प्रत्येक निकालाचे शीर्षक हेडिंग म्हणून ऐकू आले, तर पान नीट बांधलेले आहे असे समजावे. एनव्हीडीए हेडिंगची पातळीही सांगतो. गूगलवर निकालांची शीर्षके साधारणपणे तिसऱ्या पातळीवर, तर बिंग व डकडकगोवर दुसऱ्या पातळीवर असतात. त्यामुळे एचऐवजी थेट ३ किंवा २ दाबल्यास मधला पसारा बराचसा टळतो. जाहिराती मात्र याच ओळीत घुसतात. डकडकगोच्या सेटिंग्जमध्ये त्या बंद करता येतात आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. गूगलवर २०२४ पासून ‘वेब’ हा फिल्टर आहे. तो निवडल्यास मुख्यतः साधे दुवे उरतात.

शोधचौकटीत टाइप करताना येणाऱ्या सूचनांकडेही लक्ष द्यावे. खालच्या बाणाने त्या एकेक वाचल्या जाव्यात आणि एस्केप दाबताच मिटाव्यात. आपले अक्षर पुरते ऐकू येण्याआधीच त्या बोलू लागल्या, तर मराठी टाइप करणे जिकिरीचे होते.

मराठी निकालांसाठी भाषेची मांडणी महत्त्वाची आहे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या मजकुराचे बोलणे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे, परंतु मजकूर मराठी असल्याची खूण पानावर नसेल तर आवाज आपोआप बदलत नाही, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे चक्क गाळून पुढे जातात. म्हणून सर्च इंजिनची भाषा मराठी करून तोच प्रश्न पुन्हा ऐकावा.

अभ्यासिकेतल्या किंवा महाविद्यालयातल्या सामायिक वायफायवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असा अडसर कधीकधी येतो. तेथे ध्वनीचा पर्याय नसेल, तर ते सर्च इंजिन बाकी कितीही चांगले असले तरी यादीतून काढावे. केवळ चित्रे ओळखायला लावणे म्हणजे दृष्टिहीन माणसाला दारातूनच परत पाठवणे आहे.

मोबाइलवरील रचना वेगळी असते, त्यामुळे टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरमध्ये वाचनाचा पर्याय ‘हेडिंग’ असा ठेवून हीच चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी. इंटरनेट मंद असेल तर डकडकगोची जावास्क्रिप्टविना चालणारी साधी आवृत्तीही वापरून पाहावी. जे सर्वांत सोयीचे ठरेल ते ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट करावे, म्हणजे पत्त्याच्या चौकटीतच प्रश्न टाइप करून थेट निकालांवर जाता येते.