गोव्याला येताय? आधी जुवारीची बाजू ठरवा

मी फोंड्याची. मे महिना लागला की पुण्या-सांगलीचे पाहुणे फोन करतात, "ताई, तिकीट मडगावचं काढलंय, हॉटेल हरमलला." झालं! पहिला अर्धा दिवस टॅक्सीतच गेला म्हणायचा. गोवा जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरचा, पण मध्ये नद्या आडव्या येतात. तेव्हा बाकी काही ठरवायच्या आधी जुवारी नदीच्या उत्तरेला राहायचं की दक्षिणेला, हे ठरवा.

उत्तरेला कळंगुट, हणजूण, हरमल. म्हणजे गर्दी, गाणीबजावणी, रात्रीचं जागरण. दक्षिणेला बाणावली, आगोंद, पाळोळे. बरोबर आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर मी डोळे मिटून दक्षिण सांगते. मग तिकीट काढा. हरमलला पेडणे स्टेशन जवळ, कळंगुट-म्हापशाला थिवी, पणजी आणि जुन्या गोव्याला करमळी, बाणावलीला मडगाव, पाळोळ्याला काणकोण. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, तेवढं बघून घ्या. विमानाने येणाऱ्यांनी जास्त सावध राहावं, कारण विमानतळ दोन आहेत. दाबोळी जुवारीच्या दक्षिणेला, तर २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा पार उत्तरेला, पेडण्यात.

भाड्याने स्कूटर घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तरच ती कायदेशीर भाड्याची. पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं की स्वस्ताई निघून जाते. एकटेच असाल तर 'पायलट' करा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा. पणजी-मडगाव करायला कदंबची, म्हणजे आमच्या सरकारी एसटीची, शटल बस उत्तम.

खरेदीची कामं सकाळी उरका. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात आणि त्याबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही. शुक्रवार मोकळा असेल तर म्हापशाचा बाजार सोडू नका. खोल्याची मिरची, मोयऱ्याची केळी आणि हंगाम असेल तर मानकुराद आंबे घ्या. मानकुराद बघून हापूसची बढाई मारू नका, भांडण होईल.

आता आमच्या फोंड्याकडे या. लोक विचारतात, एवढी मोठी देवळं समुद्रापासून लांब आत कशी? पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली, मग बारदेश आणि सासष्टी. तिथली देवळं मोडायला लागल्यावर माणसं देव घेऊन नदीपलीकडे आली, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. १५६० च्या दशकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकात. तोवर छळाचा जोर ओसरला होता, म्हणून देव राहिले.

मंगेशीला, म्हणजे मंगेशाच्या देवळात, सकाळी लवकर जा, पर्यटकांच्या बसगाड्या यायच्या आत. सात मजली पांढरी दीपमाळ कोवळ्या उन्हात बघण्यासारखी असते. मग म्हार्दोळला कासवाच्या पाठीवर उभा असलेला पितळी दीपस्तंभ बघा. तिथे घाई करू नका, एकेक चक्र वर नजर नेत मोजा. देऊळ असो की जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष त्याच चर्चमध्ये आहेत.

किनाऱ्यावर दारू पिऊ नका, गाडी वाळूत घालू नका. दोन्हीला दंड आहे. फेणी टेबलावर बसून घ्या. काजूचा हंगाम चालू असेल तर हुर्राक मागा, तो फेणीहून सौम्य आणि उन्हाळ्यापुरताच.

पावसात यायलाही माझी हरकत नाही, हिरवळ बघून डोळे निवतात. फक्त पाण्यात उतरू नका, जीवरक्षकाने लाल बावटा लावला असेल तर पाऊलसुद्धा भिजवू नका. जून-जुलैमध्ये ट्रॉलरना मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, हट्ट धरू नका. त्या दिवसांत किसमूर मागा. भाजलेला सुका जवळा, ओलं खोबरं, कांदा, थोडी चिंच, बरोबर उकड्या तांदळाचा भात आणि वर सोलकढी.