ड्रेनेज जोडणीची नोटीस आली तर सोसायटीने काय तयारी करावी

महापालिकेची भुयारी गटार दारावरून गेली की स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असलेल्या सोसायटीलाही जोडणीची नोटीस येऊ शकते. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये ती हातात पडली तर लगेच प्लंबरला बोलावू नका. आधी कागद काढा.

नोटिशीत कुठलं कलम लिहिलंय ते बघा. नसेल तर लेखी विचारा आणि अर्जाची पोहोच घ्या. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात जोडणीची सक्ती करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण तो निचऱ्याची पुरेशी सोय नसलेल्या आणि पालिकेच्या वाहिनीपासून 100 फुटांच्या आतल्या जागांसाठी. म्हणून टेप लावून अंतर मोजा. प्रकल्प चालू असल्याचा पुरावा, म्हणजे प्रयोगशाळेचे अहवाल, वीजबिलं आणि ब्लोअरच्या (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीच्या पावत्या, उत्तराला जोडा. प्रकल्प नुसता नावाला असेल तर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही, मुकाट्याने जोडून घ्या.

बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या पुढचं असेल तर पर्यावरण मंजुरीची प्रत शोधा. प्रकल्प चालवण्याची आणि पाणी पुन्हा वापरण्याची अट बहुधा त्यात असते, आणि महापालिकेच्या पत्राने ती सुटत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्रही तपासा. बिल्डरने हे कागद दिलेच नसतील तर आज मागा.

आता लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. रस्त्यावरच्या चेंबरचा तळ आणि तुमच्या शेवटच्या चेंबरचा तळ, दोन्ही डंपी लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजून घ्या; डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. 1:100 उताराने 30 मीटर गेलं की पाइप 30 सेंटिमीटर खाली उतरतो. तेवढा फरक नसेल तर पंप आला, पंपाबरोबर वीजबिल आलं. शिवाय आपलं गाव कृष्णेकाठचं. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पुरात ड्रेनेजचं पाणी उलटं फिरतं आणि तळमजल्याच्या संडासातून वर येतं. शामरावनगरसारख्या सखल भागात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवाच, पण तो बंद झाला की तुमचंही पाणी बाहेर जात नाही. तेव्हा ते साठवायला प्रकल्पाची जुनी टाकीच कामी येते. प्रकल्प पाडायची घाई करू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरं कारण फ्लशचं. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातले 45 फ्लशला. 60 फ्लॅट, घरात पाच माणसं, म्हणजे रोज 13,500 लिटर. आज हे प्रकल्पाच्या पाण्यावर भागत असेल तर उद्या नळाचं किंवा टँकरचं लागेल, बागेचं वेगळंच. हा आकडा सर्वसाधारण सभेत मांडा आणि पालिकेकडे फक्त जादा पाण्यापुरती जोडणी मागून बघा. रस्त्याची वाहिनी पुढे कुठे जाते, तिथलं शुद्धीकरण केंद्र चालू आहे का, हेही त्याच अर्जात विचारा. आपलं शुद्ध केलेलं पाणी कच्च्या मैल्यात मिसळून शेरीनाल्यासारखं नदीत जाणार असेल तर जोडून काय मिळवलं?

जोडायचंच ठरलं तर परवानाधारक प्लंबर, रस्ता खुदाईची परवानगी आणि अंदाजपत्रक ही नेहमीचीच कामं. छताचं पावसाचं पाणी त्या लाइनीत सोडू नका. नवी लाइन एक पावसाळा नीट चालेपर्यंत प्रकल्पाची विद्युतजोडणी तोडू नका. पुढे टाक्या रिकाम्या करताना सक्शन गाडी बोलवा. आत माणूस उतरवायचा नाही, झाकण काल उघडून ठेवलं असलं तरीही. गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे. टाकी पुरासाठी ठेवणार असाल तर धुऊन घ्या, झाकणाला कुलूप लावा आणि किल्ली वॉचमनकडे द्या.